क्लच जड लागतो

२०१९ सालची गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि जळगाव रोड फुलंब्रीपासून पार अजिंठ्याच्या घाटापर्यंत खणून ठेवलेला होता. खड्डे, मुरूम, मागेपुढे ट्रक, त्यामुळे सगळे अर्ध्या क्लचवरच गाड्या ओढायचे. त्या वर्षी त्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या क्लचप्लेटा जळाल्या. म्हणून माझा धाकटा भाऊ राजकुमार एके दिवशी घरात येऊन म्हणाला, “आक्का, क्लच लई जड लागतोय,” तेव्हा आम्हांला कुणालाच नवल वाटलं नाही.

राजकुमार माझ्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जात होता, त्यामुळे त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं मीच केलं. पडेगावात आमची घरं लागून होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. शेजारी तो, त्याची बायको संध्या आणि मुलगी अपेक्षा. त्याची पांढरी सात सीटची डिझेल गाडी होती आणि स्टेशनजवळच्या एका हॉटेलचे पाहुणे तो वेरूळ-अजिंठ्याला न्यायचा.

शाळेत त्याचं कधी लक्ष लागलं नाही. दौलताबादला जाणाऱ्या जीपगाड्या आमच्या फाट्यावर थांबायच्या, तिथं तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसायचा आणि नुसता पायांकडं बघायचा. मी कान धरून आणायची. पण पुढं गाडी चालवायला लागला तो असा, की आत बसलेल्याला गियर पडलेला कळायचा नाही. एकदा तो मला आणि माझ्या शाळेतल्या बायांना फर्दापूरला घेऊन गेला. घाट उतरताना मुक्ताबाई स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होत्या, साडीवर थेंब पडला नाही. परत आल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचा भाऊ गाडी चालवत नाय हो, झोपवतो.” हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो लाजला होता. दुसऱ्या कशानं तो लाजलेला मला आठवत नाही.

क्लच जड लागायला लागला तसा तो मुनीरभाईकडं गेला. मुनीरभाई मूळचा सिल्लोडचा. पडेगावच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं आणि दोघं विशीपासूनचे मित्र. त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या, म्हणून तो मला बाई म्हणायचा. त्यानं गियरबॉक्स उतरवला. प्लेट खरंच जळली होती, काळी पडली होती. नवी प्लेट घातली, प्रेशर प्लेट घातली, बेअरिंग बदललं. राजकुमार खूश होऊन घरी आला.

ती खुशी पावसाळा संपेपर्यंतही टिकली नाही. पुन्हा तेच, क्लच जड. आता गियरही करकरायला लागले. पहिला पडायचा नाही, रिव्हर्सला तर दात घासल्यासारखा आवाज यायचा. मुनीरभाईनं क्लचचं तेल बदललं, सिलिंडर बदलला, हवा काढली. गियरबॉक्सचं तेल काढून त्यात पितळेचा चुरा आहे का ते बघितलं. थोडा होता. क्लच पूर्ण न दाबता गियर टाकले की आतल्या पितळी रिंगा खाल्ल्या जातात, असं त्यानं सांगितलं.

राजकुमार दर संध्याकाळी ओट्यावर डावा पाय लांब करून बसायचा आणि संध्या पिंडरीला बाम चोळायची.

“बघ आक्का, गाडीनं पाय खाल्ला माझा,” तो म्हणायचा. “बैलाचं बळ लागतंय दाबायला. पिंडरी कशी उडतीय बघ.”

खरंच, कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत असायचं. पायही जरा वाळल्यासारखा दिसायचा. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची, म्हणून त्यानं पट्ट्याचे सँडल घेतले. एकदा उंबऱ्याला अडखळून पडला.

“दिवसभर त्या गाडीशी कुस्ती, मग पडतील नाय तर काय!” संध्या म्हणाली. “आता एक तर त्या मुनीरभाईला नीट करायला सांगा, नाय तर भंगारात घाला.”

आम्हांला सगळ्यांना हेच वाटत होतं. क्लच हलका झाला की पाय आपोआप बरा होईल. ड्रायव्हर लोकांत हे नेहमीचंच. कुणाची कंबर सीटनं जाते, कुणाचा खांदा स्टिअरिंगनं. राजकुमारला डॉक्टरकडं जा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण बिघाड कुठं आहे हे आम्हांला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर पाहुण्यांचा हंगाम सुरू झाला. पहिल्याच फेरीत अजिंठ्याचा घाट उतरताना त्याला दुसरा गियर टाकता आला नाही. गाडी न्यूट्रलमध्ये पळायला लागली. ब्रेकवर कशीबशी आवरून त्यानं कडेला मुरमात घातली. कुणाला लागलं नाही, पण पाहुण्यांनी हॉटेलवर तक्रार केली. मॅनेजर काकासाहेब म्हणाले, “राजू, आणखी एक तक्रार आली, की मी दुसरी गाडी लावणार. मग माझ्याकडं येऊ नको.”

तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. “आक्का, दुसरं काय येतंय मला?” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला गाडीत घालून मुनीरभाईकडं निघाला. “तू चल. तुझ्यासमोर तो शिव्या देत नाय.” वाटेत प्रत्येक गियरला गाडी कण्हत होती. मी बाहेर बघत राहिले.

गॅरेजात दोन-चार ड्रायव्हर बाकड्यावर चहा पीत बसले होते. राजकुमार उतरला आणि सरळ बोलला, “मुनीर, तू नवी प्लेट घातलीच नाय. जुनी घासूनपुसून बसवली.”

मुनीरभाईच्या हातात पाना होता. तो त्यानं शांतपणे खाली ठेवला. “क्या बोला तू?”

“बोललो ते ऐकलंस.”

“मागच्या महिन्यात मी खोलून बघितली. नवी प्लेट अर्धी जळालेली, म्हणून दुसरी घातली. कायकू जळाली? तू पॅडलवर पाय ठेवून गाडी चालवतो, नव्या पोरासारखा. दोस्त आहे म्हणून चारचौघांत बोललो नाय मी.”

“मी? पॅडलवर पाय? फर्दापूरहून क्लचची वायर तुटलेली जुनी गाडी क्लचशिवाय आणली होती मी पडेगावपर्यंत. तूच सांगत फिरायचास सगळ्यांना!”

“हौ, तो राजू वेगळा होता.”

बाकड्यावरचे हसले. मुनीरभाई तरातरा गाडीत जाऊन बसला. हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, तिसरा गियर टाकून क्लच सोडला. इंजिन धडकन बंद पडलं. “क्लच पकडतो का नाय? पकडला.” पुन्हा चालू केली, रिव्हर्स टाकला. अगदी अलगद पडला. पहिला, दुसरा, पुन्हा रिव्हर्स. “क्लच सुटतो का नाय? सुटला. मक्खन है मक्खन!”

“तू टाकतो तेव्हा जातो. मी टाकतो तेव्हा अडतो.”

“मग गाडी माणूस ओळखती का रे? आधार कार्ड मागती?” मुनीरभाई खाली उतरला आणि माझ्याकडं वळला. “बाई, तुम्ही बसा. तुम्ही दाबा. तुमचा भाऊ बैल मागतो, आपण त्याला बाई दाखवू.”

आता सगळेच हसले. मला गुडघ्यांचा त्रास, उभ्या जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण भांडण हसण्यावारी जात असेल तर बरंच, म्हणून मी पदर खोचून चढले. चप्पल काढली. मुनीरभाईनं डावीकडचं पॅडल दाखवलं. बैलाचं बळ लागणार म्हणून मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि जोर लावला.

पाय एकदम खाली गेला. इतका सहज, की मी सीटवरून पुढं घसरले. मला वाटलं, चुकीचं दाबलं.

“हेच ना?”

“हौ बाई, वही. लायसन काढून टाका आता!”

बाकड्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. राजकुमार हसत नव्हता. तो दाराला धरून वाकला होता आणि माझ्या पायाकडं बघत होता.

“पुन्हा दाब, आक्का.”

मी दाबलं.

“आणखी एकदा.”

मी दाबलं. शिलाई मशीनच्या पायट्याला याहून जास्त जोर लागतो. त्यानं मला उतरायला हात दिला आणि स्वतः बसला. डावा पाय पॅडलवर ठेवला. पॅडल निम्म्यावर गेलं आणि थांबलं. मग त्यानं डावा हात मांडीवर ठेवला आणि हातानं गुडघा खाली रेटला. तेव्हा ते टेकलं. पाय काढतानाही त्यानं पँट धरून पाय वर उचलला. इतक्या सवयीनं, की हे आपण करतो हे त्याला माहीत नसावं.

मुनीरभाई जवळ आला. भांडण जिंकल्याचं त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

“राजू, हाथ कायकू लगाया?”

“हात लावल्याशिवाय जात नाय.”

“कधीपासून?”

मुनीरभाई खाली बसला आणि त्यानं राजकुमारच्या पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर सरकवले. रोज ओट्यावर आम्ही तो एकच पाय बघत होतो. दुसऱ्याच्या शेजारी ठेवून कधी बघितला नव्हता. डावी पिंडरी उजवीच्या निम्मी उरली होती.

परत येताना गाडी मुनीरभाईनं चालवली. एकही गियर वाजला नाही. राजकुमार शेजारी बसून त्या शांत गाडीचा आवाज ऐकत होता, आणि मला तो आवाज ऐकवत नव्हता.

मग दवाखाने झाले. सुया टोचून नसांची तपासणी झाली, पाठीचे फोटो झाले. शेवटी नसांच्या डॉक्टरांनी आम्हांला बसवून सांगितलं, की स्नायू चालवणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत आणि याच्यावर औषध नाही. डावा पाय ही सुरुवात आहे. राजकुमारनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “साहेब, आता बिनक्लचच्या गाड्या निघाल्यात. त्यात डावा पाय लागत नाय. तशी एखादी घेतली तर?”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग टेबलाकडं. “उजवा पायही जाईल,” ते म्हणाले. “आणि नंतर हात.”

त्यानंतर राजकुमारनं गाडीची चावी मागितली नाही. डॉक्टर म्हणाले त्याच क्रमानं सगळं गेलं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत घरादारातले सगळे कोंडले गेले तेव्हा तो खाटेवर होता. पुढच्या वर्षी हात गेले, मग घास गिळणं, मग बोलणं. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत राहिलं. रस्त्यावरून गाडी गेली की तो डोळे मिटायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात, सकाळी, संध्या त्याचं तोंड पुसत असताना तो गेला.

गाडी फर्दापूरच्या एका माणसानं घेतली. तो लेण्यांच्या फाट्यावर पाहुणे आणतो. मुनीरभाईनं घातलेली ती दुसरी प्लेट अजून चालू आहे, असं मागच्या वर्षी तो सांगत होता. चांगला माणूस आहे, पण त्याच्याशी फार वेळ बोलवलं नाही.

काकासाहेबांनी हॉटेलला दुसरी गाडी लावली. लॉकडाऊनमध्ये हॉटेलही बंद पडलं आणि ते मुलाकडं पुण्याला गेले. राजकुमार गेल्याचं त्यांना बहुधा माहीत नाही.

मुनीरभाई राजकुमारच्या आजारात रोज यायचा, त्याला उचलून अंघोळीला न्यायचा. तो गेल्यावर त्यानं येणं सोडलं. गॅरेज आता जावई बघतो. मुनीरभाई सिल्लोडला भावाच्या घरी असतो, मशिदीत जातो आणि येतो.

अपेक्षानं कॉलेज मध्येच सोडलं. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. मध्यंतरी तिचा पाय मुरगळला, तर महिनाभर ती दोन्ही पिंडऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसायची. डॉक्टर म्हणतात, तसं काही नाही. तिला ते पटत नाही.

संध्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. बामाचा वास तिला चालत नाही, म्हणून माझ्या गुडघ्यांना मी नुसतं खोबरेल लावते. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, दुसरं भाड्यानं दिलंय. संध्याकाळी ती कामावरून आली की आम्ही जेवतो.