पाठकोऱ्या कागदावरची यादी

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. काळंपांढरंच छापतो, रंग मला येत नाहीत. आधीच सांगून टाकतो, मागाहून तक्रार नको. मंडणगडात एसटी स्टँडसमोर महेंद्रचं कॉम्प्युटर सेंटर आहे. तिथल्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात मी बसतो.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट महेंद्रच्या हातात. तेव्हा तो मुंबईची नोकरी सोडून नुकताच गावी आला होता. माझ्यावर त्याने पहिला कागद छापला तो चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचा. काय ऐट होती माझी! दहावीचे निकाल, दाखल्यांचे अर्ज, सात-बाराचे उतारे, सगळं माझ्याच पोटातून जायचं. "असा मशीन तालुक्यात नाय," असं महेंद्र गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी आणखी जोरात घरघरायचो.

मग रंगीत प्रिंटर आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तीन वर्षं झाली तरी त्याचे नऊ दिवस काही संपेनात. माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास ठेवले जाऊ लागले. मला काम उरलं ते कच्च्या प्रती काढायचं, तेही पाठकोऱ्या कागदावर. म्हणजे एका बाजूला आधीच काहीतरी छापलेलं, दुसरी बाजू कोरी. कागद फुकट घालवायचा नाही, ही महेंद्रची शिस्त. मलाही तिचा अभिमान होता. त्याच अभिमानापायी एका पोरीचं वाटोळं व्हायची वेळ आली होती, म्हणून हे सांगतो आहे.

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की आसपासच्या गावांतली मुलं महेंद्रकडे येतात. तो म्हणतो, "सहाशेवाल्यांना चिंता नाय, शंभरवाल्यांना आशा नाय. मधल्यांचा जीव मात्र टांगणीला." या मधल्यांसाठी कॉलेजांची यादी हेच सगळं असतं. एमबीबीएस आणि डेंटल, दोन्हींना अर्ज एकच. आपल्या पसंतीच्या क्रमाने ती भरायची. कॉम्प्युटर वरून खाली वाचत येतो, जिथे तुमचे मार्क पुरतात तिथे थांबतो. त्याच्या खालचं मग तो बघतच नाही.

त्या वर्षी एकाच वाडीतल्या दोघी आल्या होत्या. रसिकाला दोनशे नव्वदच्या आसपास मार्क होते. तिला दातांची डॉक्टर व्हायचं होतं आणि तिची यादी सगळी डेंटल कॉलेजांची होती. मागून तिने क्रम बदलला, त्यामुळे पाठकोरे संपले म्हणून नव्या कागदावर काढलेली तिची जुनी कच्ची प्रत माझ्या ट्रेमध्येच राहिली. दुसरी सानवी, चारशे बारा मार्कांची. दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली. या वर्षी सरकारी कॉलेजात एमबीबीएस नाही मिळालं तर मुकाट्याने बीएस्सीला जायचं, असं घरात ठरलेलं. तिची यादी दोन पानांची झाली. पहिल्या पानावर मुंबई-पुण्याची मोठी नावं. ती मिळणार नाहीत हे तिलाही माहीत होतं. जे काही मिळणार ते दुसऱ्या पानावरून, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबागपासून पार नंदुरबारपर्यंत. आणि ते दुसरं पान मी छापलं रसिकाच्या जुन्या यादीच्या पाठीवर.

दोन दिवस घरी विचार करून सानवी अगदी शेवटच्या दिवशी आली. सोबत तिची आजी येसूबाई. पाचला मुदत संपायची आणि घड्याळात सव्वाचार झालेले. ओटीपी जायचा तिच्या बाबांच्या मोबाईलवर, आणि बाबा, म्हणजे संदेश, मुंबईत कामावर. तो फोन उचलेना. सानवी रेंज शोधत बाहेर रस्त्यावर गेली.

महेंद्र कागदावरचे कॉलेजांचे कोड बघून भराभर टाइप करत होता. पहिलं पान संपलं. दुसरं त्याने उचललं ते उलटं, रसिकाची बाजू वर!

दोन्ही बाजू मीच छापलेल्या, मला कळणार नाही तर कोणाला? सानवीच्या मार्कांवर पहिलंच डेंटल कॉलेज मिळालं असतं आणि कॉम्प्युटर तिथेच थांबला असता. मी दिवा लुकलुकवून पाहिला. महेंद्रने मला एक चापट मारली. "तुला आताच काय झाला रे?" म्हणाला, आणि पुढचा कोड टाकला.

सगळे कोड टाकून झाले. आता ओटीपी आला की लॉक. लॉक झालं की पुढे ब्रह्मदेवालाही बदल करता येत नाही.

तेवढ्यात येसूबाई म्हणाली, "महेंद्रा, काय लिवलंस तां वाच बगू."

"आजी, वेळ कुठं हाय! नंबर टाकलेत सगळे."

"नंबर नको. गावांची नावं वाच. पोर कुठं जानार तां मला कळाया नको?"

महेंद्र वैतागला, पण वाचू लागला. मुंबई, मुंबई, पुणे, मिरज...

"रत्नागिरी कवा येनार?"

"येतंय, दुसऱ्या पानावर हाय." तो पुढे वाचू लागला. "डेंटल कॉलेज... डेंटल कॉलेज..."

"डेंटल म्हंजे?"

"दातांचा."

"दातांची डाक्टरीन व्हायची ती रसिका. आमची न्हवं."

महेंद्रचा हात थांबला. त्याने कागद उलटा केला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आयला! आजी, मेलो मी!"

एकेक कोड पुसून तो पुन्हा टाकू लागला. घाईत दोनदा चुकला. सानवी धावत आली तळहातावर ओटीपी लिहून, आणि स्क्रीनवर बघून रडवेली झाली. "काका, रत्नागिरी कुठाय?"

"भरतोय गो, भरतोय!"

यादी पुरी होईतो तो ओटीपी बाद झाला. पुन्हा संदेशला फोन. यावेळी त्याने पहिल्याच रिंगला उचलला. पाचला सात मिनिटं होती. महेंद्रने लॉकवर बोट नेलं, तर येसूबाई म्हणे, "परत वाच."

"आजी!"

"वाच म्हनते ना!"

सानवीनेच वाचलं, एका दमात, नंदुरबारपर्यंत. "हां. आता दाब," येसूबाई म्हणाली. पाचला चार मिनिटं असताना यादी लॉक झाली.

काही दिवसांनी निकाल आला. रंगीत प्रिंटरची शाई वाळली होती, म्हणून प्रवेशाचं पत्र मीच छापलं. रत्नागिरी नाही, सिंधुदुर्ग नाही. अगदी शेवटचं नाव मिळालं होतं, नंदुरबार. एमबीबीएस! महेंद्र खुर्चीतून उठून ओरडला. येसूबाईने मात्र हळूच विचारलं, "लांब हाय?"

"हो आजी. रात्रभराचा प्रवास आणि वर अर्धा दिवस."

म्हातारी पदराने डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "वाचून मीच घेतला ना? आता जा म्हनायला पन मीच पायजे. जा."

मित्रांनो, माझ्या डोक्यावर चहा ठेवू नका, अधूनमधून मला पुसा, एवढं तर मी मागणारच. पाठकोरे कागदही वापरा, पण छापलेल्या बाजूवर आधी मोठी काट मारा. महेंद्र आता लाल पेनाने मारतो. आणि लॉक करण्याआधी आपली यादी मोठ्याने वाचा, नावांसकट, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कळेल अशी. त्या दिवशी चूक दिसत असून मला बोलता आलं नाही. तुम्हाला तर बोलता येतं.