संचालकांचं बुधवारचं पत्र

दर बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या वैद्यकीय केंद्रातल्या चार हजार माणसांना संचालकांचं पत्र जातं. डॉक्टर, प्राध्यापक, सिस्टर, तंत्रज्ञ, सफाईवाले, सगळ्यांना. वर 'माझ्या सहकाऱ्यांनो', खाली 'आपला' आणि सही. गेली नऊ वर्षं ते पत्र मी लिहिते. संचालक मूत्रपिंडाचे डॉक्टर, माणूस भला, पण चार ओळी लिहायला बसवलं की त्यांना घाम फुटतो.

मी लिहिलं की पत्र कायदा विभागात जातं, तिथून मनुष्यबळ विभागात. तिथल्या साहेबांना मी मनातल्या मनात 'स्वल्पविराम' म्हणते, कारण नऊ वर्षांत माझ्या लेखनात त्यांनी त्याहून मोठी सुधारणा केलेली नाही. 'बंद' हा शब्द आमच्याकडे चालत नाही. जे बंद पडतं ते 'एकत्रित' होतं. जे कमी होतं ते 'सुटसुटीत' होतं. लिफ्ट तीन महिने बिघडली होती, तेव्हा मी 'सेवा टप्प्याटप्प्याने पूर्ववत होत आहे' असं लिहिलं आणि लोक मला शिव्या घालत जिने चढले. त्या शिव्या संचालकांच्या नावावर जमा झाल्या, हा या नोकरीतला एकमेव आराम.

मला मात्र हवं असायचं ते एका माणसाचं मत. माझ्या थोरल्या बहिणीचं.

ताई सतरा वर्षं भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डची मुख्य सिस्टर होती. तिचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, माझी खोली बरोबर त्याच्या वर. रोज अकरा वाजता मी खाली जायची. ड्रेसिंगच्या खोलीशेजारी एक चिंचोळी जागा होती, तिथे दोघींनी उभ्या उभ्या चहा प्यायचा. "आली बघा साहेबांची लेखणी," ती सगळ्यांसमोर म्हणायची, आणि मग त्या आठवड्याच्या पत्राची खिल्ली उडवायची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई सतराची. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझ्या शाळेत पालक म्हणून ती यायची, रागावल्यावर डोळे वटारायचीही तीच. लोकांना आई असते तशी मला ताई होती, आणि मला कधी काही कमी पडलं असं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी संचालक साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं. भाजलेल्यांचा वॉर्ड दुसऱ्या हॉस्पिटलकडे सोपवायचं ठरलं होतं. सिस्टर मंडळींना जागा असेल तिथे पाठवणार. पत्र तीन आठवड्यांनी. तोवर कुठेही वाच्यता नको.

त्या तीन आठवड्यांत मी रोज अकराला खाली जाऊन चहा प्याले. आणि दुसऱ्या आठवड्यात ताईने मला विचारलं, "अगं, नव्या इमारतीत शस्त्रक्रिया विभागाची मुख्य सिस्टर म्हणून मला विचारताहेत. जाऊ का?" नवी इमारत गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसने सव्वा तास. मी म्हटलं, "कशाला जातेस? इथे काय वाईट आहे?" ती हसली, म्हणाली, "तेही खरंच," आणि तिने नकार कळवला.

पत्र निघालं. शेवटी मी लिहिलं होतं, 'काळजी नसावी.' बाबा परगावी नोकरीला असताना घरी पत्रं पाठवायचे, ती याच दोन शब्दांवर संपायची. मी ते मायेने लिहिलं, खरंच मायेने. ताईने ते पत्र वॉर्डमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण हातात पट्ट्या घेतलेल्या सिस्टरांना संगणक उघडायला सवड नव्हती. त्या ओळीशी आली आणि थांबली म्हणे. बाकीचं वाचायला काही उरलंही नव्हतं.

अकराला मी खाली गेले. तिने एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"बरं," ती म्हणाली. मग पाठ वळवून कपाट आवरता आवरता म्हणाली, "मॅडम, आणखी काही काम होतं का?"

नव्या इमारतीतली जागा तोवर भरली होती. ताईला पाठवलं तळघरात, निर्जंतुकीकरण विभागात. शस्त्रक्रियेची वापरलेली अवजारं तिथे येतात, धुतली जातात, मोजून ट्रेमध्ये लावली जातात, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात जातात. महत्त्वाचं काम आहे, हे मी पत्रात दोनदा लिहिलंय. पण सतरा वर्षं जळालेल्या माणसांचे हात हातात घेतलेल्या बाईला मी कात्र्या-चिमटे मोजायला बसवलं होतं. कोणी विचारलं तर मी म्हणायची, माझा नाइलाज होता, गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. स्वतःलाही तेच सांगायची. दोन वर्षं सांगत होते.

या दोन वर्षांत ती मला कॉरिडॉरमध्ये भेटली की "नमस्कार, मॅडम" म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं. बुधवारचं पत्र कोणी कोणी उघडलं ते मला संगणकावर दिसतं. तिच्या नावापुढे कायम शून्य. ज्यांना संगणक नाही त्यांच्यासाठी छापील प्रत फलकांवर लागते. ते शिपायाचं काम, पण तळघरातली प्रत मी स्वतः लावायला जायची. चार टाचण्यांना मी दहा मिनिटं लावायची. फलकाशेजारच्या दाराला गोल काच आहे. त्यातून ताई दिसायची, केसांवर कागदी टोपी, तोंडाला मास्क, फक्त डोळे आणि हात. ट्रे बांधताना कापडाचा कोपरा ती अशी काही दुमडायची की मला माझ्या शाळेच्या डब्यावरचा रुमाल आठवायचा. मला तिची आठवण यायची, ती समोर असताना यायची. असं कुणाला सांगायची सोय नसते.

आणि मग गेल्या महिन्यात एका सोमवारी साहेबांनी पुन्हा दार लावून घेतलं.

तळघरातलं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं होतं. अठरा जण. पहिल्या तारखेपासून त्यांची नव्या इमारतीत वेगवेगळ्या विभागांत नेमणूक. पत्र पुढच्या बुधवारी.

"तुमची बहीण तिथेच आहे ना?" साहेब चष्मा पुसत म्हणाले. "लिहायला अडचण असेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नाही, अडचण कसली," मी म्हटलं.

गुरुवारी सुटल्यावर मी ताईच्या घरी गेले. बस चुकली तर सबब मिळेल असं वाटत होतं, पण बस नको तेव्हाच वेळेवर येते. ताईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि दारातच उभी राहिली. आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती मागे वळली नाही.

"तुमचा विभाग बंद होतोय," मी म्हटलं. एका दमात सगळं सांगून टाकलं, कंपनी, अठरा जण, पहिली तारीख. "पत्र बुधवारी आहे. तोवर कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल. पण या वेळी मला तुला आधी सांगायचं होतं."

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "सगळ्या अठरा जणांचं सांगितलंस. म्हणजे आता सहा दिवस मी त्या पोरींच्या तोंडाकडे बघत ट्रे बांधायचे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं मी तिला काहीतरी देतेय.

"ताई..."

"कुकर बंद करायचाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ते सहा दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी तळघरातला एक जण मनुष्यबळ विभागात आला, तेव्हा मी निमित्त काढून त्याच्या मागोमाग गेले. तो रजेचा अर्ज द्यायला आला होता. गंमत अशी की नोकरीची भीती दोन दिवसांत विरली. ताईने सगळ्यांना सांगून टाकावं, असंच मला वाटायला लागलं. माझ्या नावाने बोंब झाली असती, पण आमच्या दोघींमध्ये निदान काहीतरी घडलं असतं.

मंगळवारी मी पत्र पूर्ण केलं. 'एकत्रीकरण' लिहिलं, खोडलं, आणि 'निर्जंतुकीकरण विभाग बंद होत आहे' असं लिहिलं. स्वल्पविराम साहेब धावत आले. "बंद? अहो, बंद?" मी म्हटलं, विभागाला कुलूप लागणार आहे ना, मग दुसरं काय म्हणायचं त्याला? ते पत्र घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली. शेवटी मी बाबांचे शब्द घातले नाहीत. कुठलेच घातले नाहीत, नुसतं 'आपला' आणि सही.

बुधवारी दहाला पत्र गेलं. दहा वाजून चार मिनिटांनी ताईच्या नावापुढचं शून्य गेलं. मी उठून दार लावलं आणि रडले.

साडेचारला ती वर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. कागदी टोपी हातात होती, मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालांवर होते. जवळून पाहिलं तर केस बरेच पांढरे झाले होते.

"बसू का?"

मी खुर्चीवरच्या फायली उचलल्या. ती बसली.

"आमच्याकडे ती उंच पोरगी आहे ना, जिला सगळे जिराफ म्हणतात," ताई म्हणाली. "शनिवारी माझ्याकडे आली. तिच्या गावच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. म्हणाली, जाऊ का?"

"मग?"

"मग काय? म्हटलं, जा."

"का म्हणून नाही विचारलं तिने?"

"विचारलं की. म्हटलं, का ते विचारू नकोस, जा. तिला वाटलं मला ती नकोशी झाली. फुगून बसली, तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज पत्र वाचलं आणि येऊन गळ्यात पडली." ताईने टोपीची घडी घातली, परत उलगडली. "तुझं गुपित फुटलं का यात? नाही फुटलं. एक शब्द लागला गं, बारके. तेवढाही नव्हता तुझ्याकडे?"

बारके. दोन वर्षांनी. त्या लहानपणच्या हाकेने प्रश्न काय होता तेच मी क्षणभर विसरले.

"घाबरली होतीस ना?" ती म्हणाली. आवाज खाली आला होता, वॉर्डात रुग्णाशी बोलायची तसा. "नोकरीसाठी? गुप्ततेच्या कागदावर सही होती तुझी. तसं असेल तर तसं सांग."

तिने मला उत्तर हातात आणून दिलं होतं. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं, आणि ती उद्या अकराला कुठेतरी माझ्याबरोबर चहा प्यायला उभी राहिली असती. हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या सहीखाली सोयीची वाक्यं लिहीत आले होते, त्यात हे आणखी एक जमून गेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "घाबरले नव्हते."

"मग?"

"सव्वा तास लांब गेली असतीस. मला तू इथे हवी होतीस. मी ठरवलं होतं, वॉर्ड गेला की साहेबांच्या कानावर घालेन, तुला इथेच वरच्या मजल्यावर कुठेतरी बसवून घेईन. मी सगळं ठरवून टाकलं होतं, ताई. मला कुणी विचारलंच नाही. तुला खाली पाठवल्याचं मलाही नेमणुकांचा कागद टाइप करतानाच कळलं."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. तो आवाज लिफ्टपर्यंत गेला आणि थांबला.

"भीतीचं असतं तर मी सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "तेच सोडायला आले होते आज."

मी टेबलावरच्या फायली सारख्या करत राहिले.

"आता तर जातेच आहे तिकडे," ती म्हणाली. "पहिल्या तारखेपासून." मग थोडं थांबून तिने विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "दोन वर्षं ठेवलंस ना मला इथे? मग मिळाले का गं तुला मी?"

मी मान हलवली. नाही.

तिने पुढे होऊन माझ्या टेबलावरचा रुमाल माझ्याकडे सरकवला. पाच वाजता ऑफिस सुटलं, दिवे एकेक करून बंद झाले, सफाईवाली बाई दारातून डोकावून गेली. ताई उठली नाही, आणि या वेळी मी तिला 'थांब' म्हटलं नाही.