बदलायचा हक्क

“अक्का, नाव माझंच हाय खरं. पन म्या केलो न्हाई.”

काशप्पाने छापलेला कागद शिवकन्येच्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. साखर कारखान्याच्या शेती विभागात उसाच्या नोंदी करणारा हा कारकून. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने साधा पंखासुद्धा न विचारता लावला नव्हता.

शिवकन्येने कागद वाचला. कमठाण्याच्या बाणूबाईचा तीन एकर ऊस. त्याची लागणीची तारीख कंप्युटरात वीस दिवस पुढे गेली होती. लागण उशिराची म्हटली की तोडणीची पाळीही मागे पडते, आणि मधल्या दिवसांत ऊसतोडीची टोळी भलत्याच्याच शेतात शिरते. बदल कुणी केला या रकान्यात नाव होतं काशप्पाचं. सोमवार, सकाळचे अकरा चाळीस.

“सोमवारी म्या निर्ण्याला होतो की. नातवाचं जावळ होतं. सगळा गाव साक्षीला हाय.”

“रजेचा अर्ज?”

“भीमाशंकर साहेबांना तोंडी सांगून गेलतो. आता ते म्हनायलेत, मला काय ठाव न्हाई. एम.डी. साहेब उद्या काढतो म्हनले मला. पंधरा म्हयने ऱ्हायलेत अक्का रिटायर व्हायला.”

“तुम्ही जावा. मी बघते.”

‘मी बघते’ हे ती उगाच कुणाला म्हणत नसे. सहा वर्षांपूर्वी, दोन हजार साली, कारखान्यात कंप्युटर आले तेव्हापासून ती खोली शिवकन्येच्या ताब्यात होती. कुणी नुसतं पाहायचं, कुणी लिहायचं आणि लिहिलेलं कुणी बदलायचं, हे तिने पडद्यावरच्या चौकटीत केलेल्या खुणेवर ठरायचं. तिची आई शोभाबाई हीच इमारत उभी राहताना डोक्यावर वाळूची घमेली वाहत होती. तिच्या लेकीला आता साहेब लोक आत येताना दार वाजवून विचारत. शिवकन्येला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

तेव्हा तिने सगळ्यांना बजावलं होतं, पासवर्ड असा ठेवा की जन्मात विसरणार नाही. लोकांनी ते अक्षरशः मानलं आणि ज्याने त्याने आपलं गावदैवत ठेवलं. आता कुणाचा देव कोणता हे का कुणाला सांगावं लागतं? अख्ख्या कारखान्याला सगळ्यांच्या कुलुपांच्या किल्ल्या पाठ होत्या. पुढे तिने बदला म्हणून कानीकपाळी ओरडून पाहिलं, तर काशप्पाच हात जोडून म्हणाला होता, “देव बदलायचा व्हय अक्का?” एकट्या शिवकन्येचा पासवर्ड कुणाला लागत नव्हता. तिच्या घरात देवच नव्हता, मग लोकांनी अंदाज तरी कशावरून बांधावा?

काशप्पाचा देव मैलार, म्हणजे खंडोबा. हे तर गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

तिने दार लोटलं आणि कंप्युटरची रोजनिशी उघडली. कुठल्या यंत्रावरून काय झालं ते त्यात आपोआप उतरत असतं. सोमवारची ओळ सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काशप्पाच्या नावाने केलेला बदल भीमाशंकरच्या केबिनमधल्या यंत्रावरून झाला होता. भीमाशंकर म्हणजे शेती अधिकारी. बाणूबाईच्या जागी ज्याचा ऊस पुढे आला होता तो त्याचा मेव्हणा.

ती समाधानाने मागे टेकली आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, काशप्पाला तर फक्त लिहायचा हक्क आहे. त्याच्या नावाने तारीख बदलेलच कशी?

ती वर वर सरकत गेली. सोमवारच्या बारा दिवस आधीची एक ओळ होती. काशप्पाला बदलायचा हक्क दिला. देणार, शिवकन्या.

मग आठवलं. हंगाम नुकताच सुरू झालेला, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि भीमाशंकरचा फोन. “मी बेंगळूरला चाललोय, काशप्पाला एक दिवसापुरता हक्क दे.” तिने दिला होता. संध्याकाळी काढून घेऊ म्हणाली आणि विसरली. सहा वर्षं लोकांना शहाणपण शिकवणारी बाई साधी एक खूण पुसायला विसरली होती. तिला भीती वाटली आणि रागही आला, जास्त करून स्वतःचाच.

दारावर टकटक झाली. हातात उसाच्या शेंड्याचं वाढं घेऊन बाणूबाई उभी होती.

“बाई, ह्यो बघ तुरा आलाय. आतून पोकळ पडायलाय ऊस. माझी पाळी कामून मागं गेली? खाली विचारलं तर कंप्युटर म्हनायलाय म्हनं.”

“कंप्युटर काय म्हनत न्हाई मावशी. आमी म्हनताव, ते तेवढं लिहून घेतंय.”

“मग तुमी कामून म्हनलाव तसं?”

शिवकन्येची नजर पडद्यावरच्या आपल्या नावाकडे गेली. “उद्यापर्यंत थांबा,” एवढंच ती म्हणाली. बाणूबाई गेली, वाढं टेबलावरच राहिलं.

दुपारी भीमाशंकर आला. त्याला पाहून तिला अवघडल्यासारखं झालं, कारण माणूस वाईट नव्हता. सहा वर्षांपूर्वी ‘ही पोरगी काय कंप्युटर चालवणार’ म्हणणाऱ्यांना त्याच्याएवढं कुणीच सुनावलं नव्हतं.

“सापडलं वाटतं तुला,” खुर्ची ओढत तो म्हणाला.

“व्हय साहेब. दोन्ही ओळी सापडल्या. तुमची बी, माझी बी.”

“मेव्हण्यानं लईच तगादा लावला गं. झाली चूक. पन आता ऐक. रोजनिशी पुसायचा हक्क कारखान्यात तुला एकटीलाच हाय. त्या दोन ओळी काढून टाक. तेरी भी चुप, मेरी भी चुप.”

“आन् काशप्पा?”

“त्याला लावतो की मी कुठंतरी.”

“आन् बाणूबाईचा ऊस?”

त्याने खुर्ची मागे सारली. मग उठताना हळूच म्हणाला, “तुझी नोकरी लागली तवा तुझ्यासाठी कोन बोललं होतं, एवढं ध्यानात ठेव.”

“ध्यानात हाय साहेब. म्हनून तर तुमाला आधी सांगायलाव. मी पुसनार न्हाई.”

तो गेल्यावर तिने पुन्हा रोजनिशी उघडली. नवरा रत्नपाल हैदराबादेत सेंट्रिंगच्या कामावर, कधी काम असे, कधी नसे. घर चालायचं ते हिच्या पगारावर. दोन ओळी पुसायच्या, बस्स. कुणाला कधी कळलंच नसतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली की सगळं सुरळीत. पण मग काशप्पाला कोणतं तोंड दाखवायचं? आणि आईने विचारलं, काय गं, त्या खोलीत बसून काय केलंस, तर काय सांगायचं?

तिने रिपोर्ट लिहायला घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं, काशप्पाला बदलायचा हक्क मी दिला आणि तो काढून घेण्यात माझी कसूर झाली.

एम.डी. साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. “शिवकन्याबाई, हे पहिलं वाक्य कशाला? यंत्र कुणाचं ते कळलं, एवढं पुरे आहे. हे राहिलं तर मला तुमच्यावरही कारवाई करावी लागेल.”

“ते काढलं तर खालचं कोन खरं मानंल, साहेब?”

“विचार करा.”

“करूनच लिहिलाव.”

दुसऱ्या दिवशी बाणूबाईची तारीख दुरुस्त झाली आणि चौथ्या दिवशी तिच्या शेतात टोळी उतरली. काशप्पा राहिला. भीमाशंकरला सक्तीच्या रजेवर पाठवलं. आणि शिवकन्येच्या हाती पत्र पडलं, कंप्युटर विभागाचा कारभार बिदरच्या तेजश्रीकडे द्यावा आणि शेती विभागात नोंदणी कारकून म्हणून हजर व्हावं.

तेजश्री नुकतीच शिकून आलेली, बिचारी संकोचून गेली होती. शिवकन्येने तिला शेजारी बसवलं, तिचं नाव घातलं, सगळ्या हक्कांच्या खुणा केल्या. कोण सारखा पासवर्ड विसरतो, कुणाला हक्क देताना दहादा विचार करायचा, सगळं समजावून सांगितलं. शेवटी उरलं तिचं स्वतःचं नाव.

“मॅडम, राहू द्या. तुमचं मी नंतर काढते सावकाश.”

“नंतर म्हनूनच झालं हे सगळं, बाई.”

तिने आपल्या नावापुढच्या खुणा एकेक करून पुसल्या. फक्त लिहायची ठेवली.

खाली शेती विभागात काशप्पाने आपल्याजवळची खुर्ची उपरण्याने झाडून ठेवली होती. शिवकन्या तिथे बसली. गठ्ठा पुढे ओढून ती नोंदी घालू लागली. सतराव्या फॉर्मला तिच्याकडून क्षेत्राचा आकडा चुकला. सवयीने ती दुरुस्त करायला गेली आणि पडद्यावर पाटी आली, बदलायचा हक्क नाही.

“द्या अक्का, म्या जाऊन येतो वर,” काशप्पा अर्धवट उठत म्हणाला.

“चूक माझी हाय की.”

तिने दुरुस्तीचा कागद घेतला, चुकलेला आकडा लिहिला, बरोबर आकडा लिहिला, खाली सही केली. जिना चढून ती वर गेली. तेजश्रीच्या दाराशी चारजण उभे होते. तिला पाहून ते बाजूला सरू लागले.

“राहू द्या,” म्हणत शिवकन्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.