‘आज काही नाही’ लिहिणाऱ्याचा रिसीव्हर

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ रिसीव्हर आहे आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. भारत नावाच्या एका माणसावर माझा राग आहे आणि तो कसा आला, तेवढं ऐका.

माझा जन्म एकलहऱ्याच्या क्वार्टरमधला. वाल्मीकअण्णा तेव्हा वीजकेंद्रात मीटर दुरुस्त करायचे. दिवसभर काटे बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला घडवायचे. माझा पत्रा त्यांनी स्वतः कापला. डावा कोपरा तेव्हा तिरका गेला, तो आजही तिरकाच आहे. माझ्या पोटातली तार औषधाच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली आहे. बल्बसारखे काचेचे वॉल्व्ह जुन्या बाजारातून आले आणि डायलची दोरी कुसाबाईंच्या शिवणाच्या डब्यातून. कुसाबाई म्हणजे अण्णांची बायको. पहिल्यांदा मला चालू केलं तेव्हा आवाजाच्या आधी धूर निघाला. कुसाबाई दारातून म्हणाल्या, "पोरगं दम्याचं हाय तुमचं."

दम्याचा असेन, पण कानाचा पक्का. चालू केल्यावर अर्धा तास मला तापावं लागतं. एकदा तापलो की लावलेल्या सुरावरून, म्हणजे माझ्या जागेवरून, केसभर हलत नाही, आणि याचा मला फार गर्व होता.

मी गाणी ऐकवत नाही. मी बीकन ऐकतो. बीकन म्हणजे एक छोटं यंत्र. परवाना असलेला कुणी हौशी माणूस ते कुठेतरी लावून ठेवतो. ते दर दोन मिनिटांनी मोर्सच्या टिंब-रेघांत स्वतःचं नाव सांगतं आणि गप्प बसतं. ताकद इतकी कमी की तेवढ्या विजेवर टॉर्चसुद्धा धड पेटणार नाही. आणि लांब बसून, सगळ्या खरखरीतून ते नाव वेचून काढायचं, हा छंद. ज्यांना घाई आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आमचा बीकन सटाण्याच्या बाजूचा. तानुबाई नावाच्या निवृत्त विज्ञान शिक्षिकेने तो डाळिंबाच्या बागेतल्या खोपीत लावलाय. एक बॅटरी, एक सोलरची पाटी, झाडाला बांधलेली तार, बस्स. अण्णा रिटायर होऊन नाशिकच्या जेल रोडला राहायला आले तेव्हापासून रोज दुपारी तीन वाजता चहा झाला की हेडफोन चढवायचे. टर्बाइनच्या आवाजाने त्यांच्या कानांची वरची पट्टी गेली होती. घरातली बेल त्यांना ऐकू यायची नाही. खालची पट्टी मात्र शाबूत. ते मला असं फिरवायचे की बीकनचा सूर खाली, घुमणाऱ्या पारव्यासारखा यायचा. मग वहीत लिहायचे. ऐकू आलं तर वेळ आणि ताकद. नाही आलं तर ‘आज काही नाही’. काटा जिथं असेल तिथंच लिहायचा, असावा तिथं नाही. नोकरीत लागलेली सवय.

आता भारत. नाशिकमधल्या बीकन ऐकणाऱ्यांचा एक गट आहे, त्याचा हा सेक्रेटरी. सगळ्यांचे रिपोर्ट याच्याकडे जमा व्हायचे. याच्याकडे परदेशी सेट, रंगीत पडद्याचा. वयाने पन्नाशीचा, बोलायला गोड. गटाची एक ढाल होती. जानेवारी ते डिसेंबर एकही दिवस न चुकता जो तानुबाईंचा बीकन ऐकेल, त्याला ती मिळायची. त्या वर्षी शर्यतीत दोघंच उरले होते, अण्णा आणि भारत.

नोव्हेंबरच्या सोळा तारखेला अण्णांनी हेडफोन चढवला आणि बीकन नव्हता. मी शपथेवर सांगतो, नव्हता. माझ्यातून खरखर गेली, कुठल्यातरी मोटारीचा आवाज गेला, पण टिंबाचा पत्ता नाही. अण्णा दीड तास बसले. मग लिहिलं, ‘आज काही नाही’. ढाल त्याच क्षणी गेली. त्यांनी पान उलटलं आणि चष्मा पुसला.

सतराला तेच. अठराला तेच. अण्णांनी गच्चीवर चढून तार तपासली. माझं पोट उघडलं, वॉल्व्ह काढून त्यांचे पाय घासले. आमच्यात एक रिवाज आहे. बीकन चालू आहे का, हे बीकनवाल्याला विचारायचं नाही. विचारून ऐकलं की कान आपोआप होकार भरतो, असं तानुबाई म्हणायच्या. म्हणून अण्णांनी त्यांना फोन केला नाही. आठव्या दिवशी राहवलं नाही तेव्हा भारतला केला.

"भारत, तुला येतोय का रे सटाण्याचा?"

"रोज येतो काका. खणखणीत. का हो?"

मित्रांनो, त्याने एवढंच म्हटलं. पण त्या एका वाक्याने अण्णा खचले ते खचलेच. ते माझ्यासमोर बसून राहिले. हेडफोन कानाला लावायचे, काढायचे, परत लावायचे. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अहो अण्णा, तो धडधडीत खोटं बोलतोय. पण माझ्यातून फक्त बाहेरचं येतं, माझं स्वतःचं काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या मुलाने, दीपकने, भारतला घरी बोलावलं. दीपक अंबडला कंपनीत आहे. मनाने वाईट नाही, पण वडिलांना रोज डब्यासमोर डोळे मिटून बसलेलं बघून आधीच घाबरलेला. भारत आला. चपला दारात काढल्या, कुसाबाईंनी दिलेला चहा घेतला आणि मग माझा डायल असा गरकन फिरवला की दोरी कुरकुरली.

"डबा तर चालतोय," तो म्हणाला. "काका, वाईट वाटून घेऊ नका. वयाने कान जातो. आणि खरं सांगू का? रोज रोज तेच नाव ऐकून ते डोक्यात बसतं. मग नसलं तरी ऐकू येतं. आधीचं तरी तुम्ही ऐकलं होतं कशावरून?"

 दीपकने मान खाली घातली आणि तो हळूच म्हणाला, "पप्पा, आपण डॉक्टरला दाखवू. कानाच्या नाही."

कुसाबाई उसळल्या. "काय येडे झाले का ते? नाय आलं तर नाय लिहितात. येड्या माणसाला नाय लिहिता येतं व्हय?"

त्या घरात अक्कल एकट्या त्या बाईला होती. पण अण्णांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि भारतला म्हणाले, "मग आधीचं बी माझं खोटंच असंल. दहा महिन्यांचं सगळं काढून टाक यादीतून. चुकीचं रीडिंग ठेवायचं नसतं."

भारत "बरं" म्हणाला. त्याला माहीत होतं, मित्रांनो. समोर बसलेला म्हातारा आपल्याच कानांवरचा विश्वास सोडतोय हे त्याला दिसत होतं आणि तो बरं म्हणाला. जाताना त्याने माझ्या पत्र्यावर टकटक केली. त्याचा हात माझ्या उघड्या तारेला लागावा आणि चांगला झटका बसावा, अशी मी मनापासून इच्छा केली. ही गोष्ट चांगली नाही हे मला ठाऊक आहे. तरी केली.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला बंद केलं आणि गच्चीवरची तार गुंडाळली. पुढचे दोन महिने मी पलंगाखाली होतो. दुपारी तीन वाजता अण्णांचे पाय त्या खोलीत यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि परत जायचे. अंधारात पडून मी एकच काम केलं. भारतचं काय करावं, याचा विचार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही शाबूत होता.

जानेवारीत गटाचा मेळावा होता, एका शाळेच्या सभागृहात. अण्णांनी मला फडक्याने पुसलं आणि दीपकच्या गाडीत ठेवलं. कुणा शिकणाऱ्याला देऊन टाकू म्हणाले. तिथे जुन्या सामानाचं एक टेबल होतं, त्यावर मला ठेवलं. थोड्या वेळाने भारत आला, माझ्याकडे बघून हसला आणि एक कागद माझ्या डायलवर चिकटवला. ‘सुट्या भागांसाठी. मोफत.’ तोंडावर, मित्रांनो. माझ्या तोंडावर चिकटवला.

ढाल द्यायला तानुबाई आल्या होत्या. बुटकी, सावळी बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळ्यांचे वर्षाचे रिपोर्ट. त्या उभ्या राहिल्या आणि भारतला पुढे बोलावलं. भारत आधीच पुढे येऊन उभा होता.

"ढाल देण्याआधी थोडं वाचते," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबर सोळा. भारत यांनी लिहिलंय, खणखणीत, स्वच्छ. सतरा. खणखणीत, थोडी खरखर. एकोणीस. आज कालपेक्षा जोरात." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मी नोव्हेंबरात मालेगावला होते, बहिणीच्या आजारपणात. परत आले तर खोपीत घुशीने बॅटरीची तार कुरतडलेली. यंत्रातलं तारखेचं घड्याळ सोळाला पहाटे थांबलेलं. पंचविसाला मी तार जोडली. मधले नऊ दिवस बीकन मेलेला होता. भारत, थोडी खरखर लिहिलीये ती बहुतेक घुशीची असेल."

सभागृह हसलं. मी तर इतका खूश झालो की बंद असूनही आपण तापलोय असं मला वाटलं. भारत म्हणाला, ऑफिसमुळे काही दिवस राहून गेलं होतं, एखादा दिवस चुकला तर अख्खं वर्ष जातं, म्हणून अंदाजाने भरलं. अंदाजाने. त्या अंदाजाने एक माणूस डॉक्टरच्या दारापर्यंत गेला होता.

तानुबाईंनी दुसरा कागद काढला, अण्णांच्या नोव्हेंबरच्या रिपोर्टचा. वाचताना त्यांचा आवाज बदलला. "सोळा, आज काही नाही. सतरा, आज काही नाही. अठरा, आज काही नाही." त्यांनी नऊच्या नऊ वाचल्या. "एवढ्या लोकांत हे एकट्याने लिहिलं. आणि याच माणसाचं नाव यादीतून काढलेलं दिसतंय." मग घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ माणूस खरा शे."

अण्णा मागच्या रांगेत होते. दीपकने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. तानुबाई ढाल पुढे करत होत्या. अण्णा म्हणाले, "ढाल नको, बाई. नोव्हेंबरनंतर मी ऐकलंच नाय. माझे दहा महिने तेवढे परत लिहा."

दहा महिने परत लिहिले गेले, सगळ्यांच्या देखत आणि भारतच्याच हाताने. माझ्या तोंडावरचा कागद दीपकने काढला.  गाडी नाशिक रोडला आली तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, तार मी बांधतो." बांधली. गाठ चुकीची होती, अण्णांनी सोडून परत बांधली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी सुरुवातीलाच सांगितलंय, मी माफ केलेलं नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी भारत घरी आला, एकटा, हातात द्राक्षांची पेटी घेऊन. म्हणाला, "काका, मला ऐकायला शिकवा." आणि अण्णांनी, देवमाणूसच तो, त्याला माझ्यासमोर बसवलं. "आधी तापू दे त्याला," म्हणाले. अर्धा तास दोघं द्राक्षं खात बसले. मग अण्णांनी मला बीकनच्या जागेवर आणलं, तो नीट ऐकून घेतला आणि हेडफोन भारतच्या कानांवर चढवून स्वतः आत पाणी प्यायला गेले.

आणि मी सरकलो. मुद्दाम. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. केसभर बाजूला गेलो, म्हणजे भारतला नुसती खरखर मिळावी. माझा बेत साधा होता. तो सवयीने ‘येतंय, येतंय’ म्हणेल, अण्णा हेडफोन घेऊन बघतील आणि हा चोर परत पकडला जाईल. दहा मिनिटं तो डोळे मिटून बसला. कपाळावर घाम आला. अण्णा आले.

"काय येतंय?"

भारतने हेडफोन काढला. "काही नाही, काका. मला काहीच येत नाही."

अण्णांनी हेडफोन आपल्या कानाला लावला. त्यांना एक क्षण पुरला. "तुझा दोष नाय," ते म्हणाले. "हा सरकलाय." त्यांनी बोटाने मला जागेवर आणलं आणि हेडफोन परत त्याच्या कानावर ठेवला. माझ्यातून सटाण्याचं नाव गेलं, टिंब टिंब रेघ. भारतचे ओठ हलले. तो रडत होता की काय, ते मी बघितलं नाही.

अण्णांनी वही ओढली आणि लिहिलं, ‘तीन बावीसला भारतने ऐकलं. त्याआधी दहा मिनिटं रिसीव्हर जागेवर नव्हता.’

मित्रांनो, इतक्या वर्षांत अण्णांच्या वहीत माझ्याविरुद्ध लिहिलेली ही पहिली ओळ. भारतच्या देखत लिहिली. मला लागली, अजून लागते, आणि ती खोटी आहे असं मला म्हणता येत नाही. तेव्हा जुन्या वस्तू जरूर जपा, त्यांना तापायला वेळ द्या, त्यांच्या तोंडावर कागद चिकटवू नका. पण त्यांच्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. आम्ही डूख धरतो. माणसाने तरी खरं लिहावं.