आधी सशाला करा

गहिनीनाथचा सरकारवर विश्वास नव्हता, दवाखान्यावर नव्हता आणि दुसऱ्याच्या तराजूवर तर मुळीच नव्हता. गाव त्याला संशयी म्हणायचं. तो म्हणायचा, "म्या निस्ता इचारतो."

पाचव्या बाळंतपणात त्याची बायको साळूबाई मरता मरता वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागणार नाही. गहिनीनाथनं त्यांना काही म्हणता काही विचारलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

उपाय चावडीच्या भिंतीवरच रंगवलेला होता. एकाहत्तर साल होतं, भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि साखर कारखान्यावर पुरुषांच्या ऑपरेशनचं शिबिर भरत होतं. पण गहिनीनाथनं आजवर कितीतरी गोऱ्हे खच्ची होताना दोर धरला होता. काल दावं तोडून शिवारभर उधळणारा गोऱ्हा पुढच्या हंगामात मान खाली घालून नांगराला चालतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आन् मलाबी तसंच केलं तर?" तो म्हणाला. "शिंगं तर मला न्हाईतच, मंग राहिलं काय?"

साळूबाई भांडली नाही. तिनं तान्हं पोर काखेला मारलं आणि ती गोदावरी ओलांडून पलीकडच्या काठावर माहेरी निघाली. नावेत बसताना एवढंच म्हणाली, "मला मराया भ्या वाटतं. तुमाला कशाचं वाटतं ते तुमी बघा. काम झालं की निरोप धाडा. माझा इस्वास बसला तर यीन."

आता घरी गहिनीनाथ, चार पोरं आणि ससे उरले. ससे थोरल्या चांगुणाचे. मिशनच्या शाळेतल्या फिलोमिनाबाईंनी तिला हौसेनं पांढरी जोडी दिली होती, आणि त्या जोडीनं कुणालाही न विचारता खुराडं भरून टाकलं होतं. गहिनीनाथ दोन दिवस खुराड्यासमोर बसून राहिला. मग त्यानं एक नर पाटीत घातला, वर घोंगडी टाकली आणि गुरांचा दवाखाना गाठला.

तिथले डॉक्टर यशया तरुण होते. म्हशींच्या गावात त्यांच्याकडं ससा प्रथमच आला होता.

"डाक्टर, आपरेशन करायचं. पोरं न व्हायाचं."

"अरे वा! पाळलेल्या सशाचं करावंच. भांडणं कमी होतात, चावत नाही, शांत होतो."

शांत होतो, हे ऐकूनच गहिनीनाथनं पाटी आपल्याकडं ओढली. पण डॉक्टरांनी सशाला भूल दिली, दोन्ही वृषणं काढली आणि टाके घातले. ससा वाचला. पुढं तो गोल झाला, माद्यांकडं पाठ करून दिवसभर घास खाऊ लागला. गहिनीनाथ त्याला तसंच उचलून परत दवाखान्यात घेऊन गेला.

"बगा! म्या म्हनत नव्हतो? मला ह्येच करनार हुतात तुमी!"

"तुम्हाला?" डॉक्टरांच्या हातातली पिचकारी तशीच राहिली. मग त्यानं साळूबाईची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ते स्टूल ओढून समोर बसले. "अहो, याचं मी मूळच काढलं. माणसाचं तसं नसतं. माणसाची नुसती नळी कापून बांधतात. बाकी सगळं जागच्या जागी."

"समदं जागच्या जागी?"

"हो."

"मंग सशाचंबी जागच्या जागी ठिवून करा. आधी सशाला करा. ससा टिकला तर म्या."

डॉक्टर म्हणाले, सशाची नळी दोऱ्याएवढी असते. गहिनीनाथ म्हणाला, मग बारीक दोरा घ्या. डॉक्टर म्हणाले, असं कुणी करत नाही. गहिनीनाथ म्हणाला, "आमच्या गावात कुनाचा सशावर इस्वास बसला तर तो सोताचं करंल की. सरकारवर कुनी ठिवत न्हाई."

दुसऱ्या सशाची नळी बांधली गेली. त्याला काही दिवस वेगळा ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण चाल, दम, उडी सगळं पूर्वीसारखं आहे का, हे वेगळं ठेवून कसं कळायचं? गहिनीनाथनं त्याला त्याच दिवशी मादीच्या पिंजऱ्यात सोडलं. दम होता. इतका होता की शेजारचा सूर्यभान कुंपणावरून बघून म्हणाला, "नाथा, ह्याला औषिद दिलंय का ऑपरेशन केलंय?"

महिन्याभरात मादी व्याली.

गावात बोभाटा झाला. लोक पिलं बघायला येत आणि मान हलवत परत जात. सूर्यभान म्हणाला, "सरकारी नळी. गळनारच." बातमी नावेत बसून पलीकडच्या काठावर गेली. साळूबाईचा उलटा निरोप आला : बरं झालं आले न्हाई.

गहिनीनाथ दवाखान्यात गेला तो पिलांची पाटी घेऊनच.

"अहो, नळी बांधली तरी पुढच्या भागात आधीचं बीज उरलेलं असतं," डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हणून तर वेगळा ठेवा म्हटलं होतं!"

"तुमी म्हनला व्हता. पन ससा कुटं तितं हुता ऐकाया?"

या खेपेला ससा दीर्घकाळ एकटा राहिला. पिंजऱ्याला गहिनीनाथनं बाभळीच्या काट्या लावल्या, कारण सूर्यभानकडंही एक नर ससा होता आणि आधीची पिलं त्याचीच असा संशय होता. मग नर पुन्हा मादीजवळ सोडला. दम होता. महिना गेला, दीड गेला, पिलू नाही. कुणीही खूश झालं असतं. गहिनीनाथ मादीकडं डोळे बारीक करून बघू लागला. हीच वांझ झाली असली तर?

तो सूर्यभानच्या अंगणात गेला. ज्याच्यासाठी काट्या लावल्या होत्या तोच नर आता मानानं मागून आणला. पुढच्या महिन्यात मादी व्याली. गहिनीनाथनं पिलं पाहिली, घरात गेला, धुतलेला सदरा घातला आणि शिबिराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आत शिबिराच्या डॉक्टरांना त्यानं एवढंच विचारलं, "गुरांच्या डाक्टरला बोलवता येतंय का? त्येचा हात माज्या वळखीचा हाय."

यशया डॉक्टर आले नाहीत. तरी झालं. जखम वाळल्यावर त्यानं ज्वारीचं पोतं उचलून पाहिलं, बैलाकडं एकदा निरखून पाहिलं, आणि नावेत बसून सासरवाडी गाठली.

"झालं," तो म्हणाला.

साळूबाई धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "सशाचंबी झालं हुतं. मंग पिलं झाली."

"ते आधीचं उरल्यालं हुतं गं!"

"तुमचं न्हाई उरलं कशावरून?"

 हा प्रश्न गहिनीनाथचा होता. त्याच्या घरात तोच असले प्रश्न विचारायचा.

तीन महिने ती माहेरीच राहिली आणि तो अलीकडं. मग ती पोराला घेऊन नदी ओलांडून आली, ती घरी गेलीच नाही, थेट गुरांच्या दवाखान्यात. यशया डॉक्टरांकडं बैलाचं बीज काचेवर घेऊन तपासायचा सूक्ष्मदर्शक होता. माणसांच्या दवाखान्यात तपासू, असं डॉक्टर म्हणत राहिले. साळूबाई म्हणाली, "तितं मला दाखवायचं न्हाईत. म्या सोताच्या डोळ्यानं बगनार."

निरोप गेल्यावर गहिनीनाथ खाली मान घालून आपल्या बीजाची बाटली घेऊन आला. डॉक्टरांनी आधी बैलाची काच लावली. साळूबाईनं एक डोळा मिटला.

"आगं बाई! जत्रा भरलीया."

मग नवऱ्याची काच. ती बराच वेळ बघत राहिली. तिनं काच सरकवायला लावली, या कडेला, त्या कडेला. 

"कुनी न्हाई," ती म्हणाली. आणि बाकावर बसून पदरानं डोळे पुसू लागली.

गहिनीनाथ तिच्या जवळ गेला, थांबला, आणि राहवेना म्हणून डॉक्टरांकडं वळला. "डाक्टर, काचा अदलाबदल तर न्हाई ना झाल्या?"

साळूबाई उठली. तान्हं पोर तिनं त्याच्या हातात दिलं. "झाल्या आसतील तर ह्या खेपेला बैलाला म्हायेरी धाडीन, म्या न्हाई जायाची. चला घरी. चांगुणानं चुलीचं काय केलंय कोन जाने."