तीन कडव्यांइतकं खोल

या मित्रांनो, शेगडीजवळ जागा आहे, सरकून बसा. कुर्ना तळ्याच्या पोटातली गोष्ट सांगते. माझ्याइतकी ती कुणाला ठाऊक नाही, कारण त्या पोटात मी सत्तावीस हिवाळे स्वतः उतरले आहे.

मी एक जुनी, पाणी काढायची नळी आहे. अंग पारदर्शक, हातभर लांब, पोटात तापमापी. दोरीने मला खोल सोडतात तेव्हा माझी दोन्ही झाकणं उघडी असतात. मग दोरीवरून एक पितळी वजन सरसर येतं, झाकणं खटकन मिटतात आणि त्या खोलीवरचं पाणी मी जसंच्या तसं वर आणते. या विद्येचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझी मालकीण साइमीबाई. आधी गावच्या शाळेत शिकवायच्या, निवृत्तीनंतर तळ्याची तब्येत पाहू लागल्या. तापमापीला खालची थंडी नीट कळायला वेळ द्यावा लागतो. बाईंनी घड्याळ कधी आणलं नाही. बर्फावर गुडघे टेकून त्या स्तोत्राची तीन कडवी म्हणत, शनिवारी घराघरांतल्या बैठकीत म्हणायच्या तशी, सावकाश. तिसरं कडवं संपलं की वजन सुटे. तळाच्या अंधारात मला तो सूर दोरीतून यायचा. देवळातल्या घंटेला तरी याहून काय मिळतं?

वर आलेलं पाणी बाई काचेच्या बाटलीत भरत, एक बुडबुडा शिरू न देता. त्यात दोन औषधांचे थेंब टाकले की बाटलीच्या तळाशी गाळासारखा साका धरे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. कित्येक वर्षं तो दाट तपकिरी होता. मग फिकटत गेला, आणि एका मार्चमध्ये पांढरा झाला.

झालं होतं असं. शेतांतलं खत चरांतून तळ्यात येई. त्यावर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजे, मरून तळाशी बसे, आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकी. वर बर्फाचं झाकण, नवी हवा येणार कुठून? प्राणवायू संपला की तळाचा चिखलही वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं खत सोडून देतो. पुढच्या उन्हाळ्यात तळं आणखी हिरवं.

“बाई, नळी म्हातारी झाली तुमची,” ओस्मो म्हणाला. शेती आणि मासेमारी करणारा, साठीचा, पण बाईंचा विद्यार्थी. “झाकण गळत असेल. जाळं सोडायला मी बर्फात भोक पाडलंय, तिथलं पाणी घेऊन बघा.”

“घेते की. मग तुझा तापसुद्धा टोपीला तापमापी लावून बघते.”

तरी घेतलं. साका तपकिरी आला.

“बघा. ठणठणीत आहे तळं.”

“तिथे पाणी तुझ्या कमरेइतकं. कडक थंडीत तुझे चंदेरी मासे कुठे जातात रे?”

मासे खोलात जातात हे ओस्मोनेच गावाला सांगितलेलं. ते तिथे गुदमरून मेले तर त्याची जाळी नुसती वाळत पडणार होती.

बाईंनी त्याला तळ्याच्या मधोमध नेलं आणि दोरी हातात दिली. “सोळा मीटर. तूच सोड, म्हणजे माझ्या नळीला नावं ठेवायला नकोत.”

मी खाली पोचते न पोचते तोच त्याने वजन उचललं.

“आधी कडवी.”

“बाई, मी गात नाही आता.”

बायकोला, केर्तुला, मूठमाती दिल्यापासून तो गायला नव्हता. बाईंना ते माहीत होतं. तरी त्या स्वतः गायल्या नाहीत. नुसत्या गुडघ्यांवर थांबल्या. बऱ्याच वेळाने दोरी थरथरली. पहिल्या कडव्यात त्याचा आवाज फाटला, तिसऱ्यात सरळ झाला. मग वजन आलं.

साका दुधासारखा पांढरा.

“पुन्हा टाकू?”

“टाक ना. आज नऊ कडवी होऊ देत.”

तिन्ही वेळा पांढराच. हात त्याचा, आवाज त्याचा. ठपका ठेवायला दुसरं कोणी उरलं नाही.

“माझा चर,” तो म्हणाला.

“एकट्याचा नाही. पण सगळ्यात रुंद तुझाच.”

त्या वसंतात ओस्मोने काठालगतची जमीन पडीक सोडली, चराच्या तोंडाशी गाळ बसायला खोल डबकं खणलं. मग शेजाऱ्यांनीही. पण तळं काही एका वर्षात बरं होत नाही. सहा हिवाळे साका पांढराच राहिला. सातव्या मार्चमध्ये ओस्मो एकटाच गात होता. मी पाणी वर आणलं, आणि बाटलीत रंग उतरला: भरपूर दूध घातलेल्या कॉफीसारखा, जेमतेम तपकिरी. बाई आदल्या शरदातच गेल्या होत्या.

आता तारेला बांधून पाण्यात सोडायचं यंत्र आलं आहे, क्षणात आकडा सांगतं. मी शाळेच्या फळीवर असते, धूळ खाते. पण दर मार्चमध्ये ओस्मो मला खाली काढतो. “यंत्र खरं बोलतं का, ते बघायला नको?” म्हणतो. मला धुतो, झाकणांचे रबर तपासतो, आणि निघतो. अजून मी एक थेंबही गळत नाही.

मित्रांनो, कुठल्याही पाण्याकाठी गेलात तर वरचं निळं पाहून लगेच परतू नका. तीन कडव्यांइतकं थांबा, खाली कोण श्वास घेतंय याचा विचार करा, आणि तेवढा वेळ आमच्या साइमीबाईंची आठवण काढा.