शेजारच्या अंगणातले किडके पेरू

घड्याळजींनी उभ्या आयुष्यात हजारो लोकांची घड्याळं उघडली असतील, पण न विचारता कुणाच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणूनच गेले चार दिवस त्यांच्या जिवाला चैन नव्हती.

शेजारच्या नर्सबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घराला कुलूप, आणि अंगणात पेरूंचा खच. पडलेले पेरू कुजत होते, त्यांतल्या अळ्या मातीत उतरत होत्या. त्यांच्या माश्या होऊन भिंतीअलीकडे यायला कितीसा वेळ? घड्याळजींनी आपल्या झाडावरच्या पेरूंना एकेक करून कागदी पिशव्या बांधल्या होत्या. शेंड्यापर्यंत मात्र हात पोचला नव्हता, आणि कालच तिथल्या एका पेरूवर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं होतं.

"बाईंना फोन लावा ना," बायको म्हणाली.

"बंद येतोय."

"मग थांबा. कुणी पाहिलं तर या वयात पेरूचोर म्हणतील."

"मी थांबेन गं. अळ्या थांबणारेत का?"

दुपारी सगळीकडे सामसूम झाली तसे ते बादली घेऊन भिंतीवरून पलीकडे उतरले. गुडघा चांगलाच खरचटला. पान हललं तरी दचकत, वाकून वाकून त्यांनी अर्धी बादली भरली, तोच फाटकाची कडी वाजली.

एक धिप्पाड गृहस्थ आत आले. हातात घराची किल्ली. त्यांनी आधी बादलीकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे.

"काय चाललंय? माझ्या बहिणीचं घर आहे हे!"

घड्याळजी गडबडून सरळ उभे राहिले. "मी... शेजारी..." म्हणत त्यांनी बादलीतला एक पेरू उचलला आणि त्या गृहस्थांच्या नाकासमोर फोडला. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"अरे बाप रे!" भाऊ दोन पावलं मागे सरले. "हे नेऊन करणार काय?"

"पिशवीत कोंडून उन्हात ठेवणार. त्याने मरतात. नाहीतर यंदा तुमचाही पेरू तोंडात घालता येणार नाही, माझाही नाही."

भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी तिथूनच भाचीच्या नवऱ्याला फोन लावून बहिणीला फोनवर बोलावलं. पलीकडचा आवाज घड्याळजींनाही ऐकू आला.

"अरे, त्यांना काही बोलू नकोस! माझाच फोन बादलीत पडून बिघडलाय. आणि वरचे पिकलेलेही उतरवा म्हणावं. नात झालीय, मी काही महिनाभर येत नाही."

भाऊ ओशाळले. मागच्या पडवीतून शिडी घेऊन आले आणि झाडाला लावून उभे राहिले.

"तुमचं झाड वाचेल ना?"

"झाडाला काही होत नाही. फळं किती हाती लागतात ते आठवडाभरात कळेल." घड्याळजी तिसऱ्या पायरीवर थबकले. "शिडी घट्ट धरा हं. मला उंचीची भीती वाटते."